'नॉर्वे' नावाचा बागुलबुवा

ऑक्टोबर २०१९. बल्गेरियातलं स्लिवेन शहर. शाळा नेहमीसारखी भरली होती आणि अचानक रोमा या युरोपातल्या उपेक्षित समाजाच्या वस्त्यांमधले आईबाप घाबरेघुबरे होऊन शाळेत धावत आले. सरकारची माणसं गाड्या घेऊन येणार आणि मुलांना थेट वर्गातून उचलून नेणार, अशी आवई उठली होती. त्या दिवसांत आजूबाजूच्या शहरांमध्येही तेच घडलं. पोरांना वर्गातून काढून आईबाप घरी घेऊन गेले. गाड्या कुठेच आल्या नाहीत. येणारही नव्हत्या.

आमच्या बालहक्कांच्या क्षेत्रातल्या नव्या माणसांना काही शिकवायची वेळ आली की मी आधी हीच गोष्ट सांगते. बालहक्कांविरुद्ध जगभर आज जी उलटी लाट आहे, तिचं सगळं शास्त्र या एका सकाळीत सापडतं. आणि आमचं काय चुकतं, तेही.

मागचा भाग थोडक्यात. त्या वर्षी बल्गेरिया सरकारने २०१९ ते २०३० साठी बालकांविषयीचं राष्ट्रीय धोरण मांडलं होतं. शिवाय सामाजिक सेवांचा नवा कायदा येऊ घातला होता. त्याविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली, मोर्चे निघाले आणि घोषणांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला : नॉर्वे. नॉर्वेसारखं इथेही होणार, थोबाडीत मारली म्हणून मूल काढून घेणार. सरकारने धोरण मागे घेतलं. तरी भीती काही मागे हटली नाही. ती ऑक्टोबरमध्ये शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

आता अवघड जागेबद्दल बोलते. ही नुसती अफवा होती असं म्हणून आम्ही हात झटकले. पण धुराच्या मागे थोडी आग होतीच. स्लिवेनच्या आधी जेमतेम महिनाभर, सप्टेंबर २०१९ मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने नॉर्वेच्या बालकल्याण यंत्रणेविरुद्ध निकाल दिला होता. एका आईपासून तिचं मूल कायमचं तोडताना कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असं न्यायालयाने म्हटलं. आणि रोमा समाजाला तर नॉर्वेची गरजच नव्हती. आपली मुलं बालगृहांत आणि वेगळ्या शाळांत टाकली जातात हे त्यांनी पिढ्यानपिढ्या बघितलेलं आहे. ज्याचं पोर खरोखर कधीतरी नेलं गेलंय, त्याला 'घाबरू नका, ही अफवा आहे' असं सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

आमच्याच गटाची एक फजिती सांगते, नावं नकोत. अशाच एका वावटळीत मी एक पत्रक तयार केलं होतं. डावीकडे 'गैरसमज', उजवीकडे 'वस्तुस्थिती'. डावीकडची वाक्यं ठळक अक्षरांत, कारण मांडणी करणाऱ्या मुलाला ती तशी उठून दिसली आणि मलाही. छान झालं म्हणून आम्ही ते सगळीकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी ते फिरून माझ्याच फोनवर आलं. उजवा रकाना कापलेला, आणि वर एक ओळ : 'बघा, हे स्वतःच कबूल करतायत.' खाली कोपऱ्यात आमचं बोधचिन्ह मात्र शाबूत. विरोधकांना इतकं सुबक, अधिकृत दिसणारं पत्रक स्वतःच्या खर्चाने कधी जमलं नसतं. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. त्यांचं वाक्य आपल्या कागदावर छापायचं नाही, खोडून दाखवायलासुद्धा नाही.

मग छापायचं काय? ते संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतच आहे, आणि आम्ही ते कधी पहिल्या पानावर घेतलंच नाही. मला खरा राग याचा येतो.

संहिता २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारली गेली. तिच्यात ५४ कलमं आहेत आणि १९६ राष्ट्रांनी ती मान्य केली आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे ती स्वतःवर बंधनकारक करून घेणं, आजतागायत केलेलं नाही. तिथलाही मुख्य आक्षेप हाच, की पालकांचे अधिकार जातील. आता कलम ५ वाचा. मुलाला त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे मार्गदर्शन करण्याची पालकांची जबाबदारी, त्यांचे हक्क आणि कर्तव्यं यांचा सरकारने मान राखायचा आहे. आणि कलम ९ : आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध मुलाला त्यांच्यापासून तोडता येणार नाही. मुलाच्या हितासाठी ते अटळच असेल, तर सक्षम यंत्रणेने कायद्याने ठरवावं लागेल आणि तो निर्णय न्यायालयाला तपासता आला पाहिजे. उदाहरणं छळाची, हेळसांडीची आणि आईवडील वेगळे राहत असल्याची दिली आहेत. गरिबीचं नाव त्यात नाही.

म्हणजे स्लिवेनच्या आयांना ज्याची भीती वाटत होती, नेमकं तेच रोखणारं कलम त्या दस्तऐवजात होतं. त्यांची ढाल त्यांना तलवार म्हणून दाखवली गेली. आणि ती ढाल आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. कारण आमचे अहवाल हिंसाचार, शिक्षण, संरक्षण, सहभाग अशा कप्प्यांत लिहिले जातात. निधीचे कप्पे तसेच असतात ना. त्यात 'आईबापांना सरकारपासून संरक्षण' हा कप्पा नसतो.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर आपली जनवकिली, म्हणजे लोकांच्या हक्कांची बाजू मांडण्याचं काम, हा नुसता भाबडेपणा होईल. धावत आलेली आई वेगळी आणि तिला धावायला लावणारा वेगळा. दुसऱ्याशी संवाद वगैरेच्या भानगडीत मी पडत नाही. ही मंडळी हौशी नाहीत. २०१४ आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत 'कुटुंबाचे संरक्षण' या नावाचे ठराव मंजूर झाले. कुटुंबाच्या संरक्षणाला कोण नाही म्हणेल? खरी गंमत मसुद्याच्या खोलीत होते. वादग्रस्त शब्द चौकटी कंसात जातो आणि रात्री उशिरापर्यंत बैठक चालते ती त्या कंसांसाठी. मुलाच्या हक्काचं एक वाक्य असतं. त्याला कुणी 'राष्ट्रीय कायद्यानुसार' एवढे दोनच शब्द जोडू पाहतं. वाक्य तसंच दिसतं, पण त्यातली हवा गेलेली असते. हे दोन शब्द ओळखून रात्री अकरा वाजता हात वर करणारं माणूस त्या खोलीत असणं, ही आमच्या कामातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिचा फोटो निघत नाही, म्हणून तिला पैसेही मिळत नाहीत.

पालकांच्या अधिकारांची ही ढाल नेहमी पालकांसाठीच वापरली जाते असंही नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यासाठी लागणारा सरकारी दाखला रद्द झाला. युक्तिवाद असा, की आपलं मूल नोकरी करणार असेल तर पालकांनी सरकारची परवानगी का मागायची? ऐकायला रास्त वाटतं. पण त्या दाखल्यावर वयाचा पुरावा लागायचा आणि पालकांची लेखी संमतीही लागायची. दाखला गेला, तसा संमतीचा तो कागदही गेला. आईबापांच्या नावाने कायदा बदलला आणि सही आईबापांचीच उडाली! सुटका झाली मालकाची. मी हे उदाहरण कट्टर विरोधक असलेल्या सभांमध्येही वापरलंय. पहिल्यांदाच खोलीत शांतता पसरते.

बालमजुरी कमी करण्यात जग एकंदरीत पुढे चाललं होतं, म्हणून हे जास्त खुपतं. २००० मध्ये बालमजुरीत अडकलेली सुमारे २४.६ कोटी मुलं होती. २०२० मध्ये १६ कोटी, २०२४ मध्ये सुमारे १३.८ कोटी. २०२५ पर्यंत ती शून्यावर आणायचं जगाने ठरवलं होतं. आणि त्याच २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या परदेशी मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याचे परिणाम सांगायला वेगळी पोस्ट लागेल. इथे एवढंच, की ज्या चळवळी एकाच देणगीदाराच्या भाषेत बोलायला शिकल्या होत्या, त्या एका रात्रीत मुक्या झाल्या.

जिंकल्याच्या गोष्टीही आहेत, पण त्या जरा निरखून बघाव्या लागतात. गाम्बियाने २०१५ मध्ये मुलींच्या खतनाप्रथेवर बंदी घातली. १५ ते ४९ वयोगटातल्या जवळपास तीन चतुर्थांश बायका यातून गेलेल्या, असा तो देश. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा तीन बायकांना शिक्षा झाली. त्यांचा दंड एका इमामाने भरला आणि तिथून वारं फिरलं. मार्च २०२४ मध्ये बंदी उठवण्याचं विधेयक पुढे नेण्याच्या बाजूने ४२ आणि विरोधात अवघी ४ मतं पडली. सगळं संपलं असं वाटलं. चार महिन्यांनी, १५ जुलैला, त्याच सभागृहाने ते विधेयक फेटाळलं. मधल्या काळात संसदीय समितीसमोर डॉक्टर बोलले, धर्माचे अभ्यासक बोलले आणि ज्यांच्या शरीरावर ते झालं होतं त्या बायका बोलल्या. बाहेरच्यांचं ऐकू नका, हा विरोधकांचा हुकमी एक्का होता. समोर बसलेली बाई आपल्याच गावची निघाली की तो एक्का चालत नाही.

तरी मी याला विजय म्हणताना जपून म्हणते. नंतर त्या बंदीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. एकदा मिळालेला हक्क कायमचा, हे गृहीतकच आता टाकून द्यावं लागेल.

कोलंबियाचं उदाहरण मला भाषेसाठी आवडतं. तिथे पालकांच्या संमतीने चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न लावता यायचं. बंदीचे आधीचे अनेक प्रयत्न फसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जो यशस्वी झाला, त्याची घोषणा एवढीच : त्या मुली आहेत, पत्नी नाहीत. ना संहिता, ना कलम, ना 'हितसंबंधी घटक'. विरोधकाला यावर वाद घालायचा तर 'त्या मुली नाहीत' असं म्हणावं लागतं, आणि ते कुणी उघड म्हणू शकत नाही.

मुलांच्या सहभागाबद्दल फार लिहीत नाही. व्यासपीठावर एका मुलाला बसवून दोन मिनिटं बोलायला देणं आणि मग टाळ्या, याचा मला वीट आलाय. संहितेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची हवामान आणि पर्यावरणावरची २०२३ ची टिप्पणी तयार होताना १२१ देशांतल्या मुलांकडून सोळा हजारांवर अभिप्राय घेतले गेले होते. जमतं, करायचं ठरवलं तर.

तर सध्या आमच्या नव्या रणनीतीचा मसुदा माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर कलम ९ टाकलंय, सोप्या भाषेत, चार ओळींत. एका सहकाऱ्याने समासात लिहिलंय, 'हे विरोधकांच्या सोयीचं नाही का?' दुसऱ्याने त्याखाली, 'नॉर्वेचा उल्लेख काढूया.' मी काढणार नाहीये. आपल्या बाजूच्या यंत्रणाही चुकतात हे आपण आधी बोललो नाही, तर ते दुसरं कुणीतरी बोलतं आणि मग त्याच्या पुढची वाक्यंही तोच रचतो.

तुमच्याकडून एक मदत हवी आहे. मुलांच्या हक्कांबद्दल किंवा 'मुलं काढून नेतात' अशा धर्तीचं काही तुमच्या फोनवर आलं असेल, तर त्यात नेमकी कसली भीती घातली होती तेवढं मला मेसेजमध्ये कळवा. मजकूर इथे चिकटवू नका, पुढे तर अजिबात पाठवू नका. आणि तुम्हाला स्वतःला ते वाचून क्षणभर खरं वाटलं असेल, तर तेही लिहा. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच आहे.