रेडिएशननंतरच्या त्वचेसाठी लाइट थेरपी: एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आईंच्या स्तनाच्या रेडिएशनचा शेवटचा आठवडा चालू असताना लाइट थेरपी (त्वचेवर मोजून प्रकाश देण्याचा उपचार) सुरू केली, तीन सत्रांनंतर त्वचा सुधारण्याऐवजी स्तनाखालच्या घडीत फुटली, एका वेळेला जेमतेम पाच मिनिटं लाइट मिळाला आणि त्याची ऊबही जाणवली नाही, असं तुम्ही लिहिलंय. चौथ्या वेळी आम्ही लाइट न देता डॉक्टरांकडे परत पाठवलं, वर त्यांचं पत्र मागितलं, ही तुमची मोठी तक्रार. शिवाय आता १०० वॉटचं लाल पॅनेल घेतलंय आणि घरीच रोज अर्धा तास देणार आहात. आईंच्या फाइलमधलं काहीही इथे चारचौघांत लिहिणार नाही. तुम्ही मांडलंय तेवढ्यावरच बोलतो. सुरुवात पॅनेलपासून, कारण ते आजच थांबवायला हवं.

खोक्यावरचे १०० वॉट म्हणजे पॅनेलला लागणारी वीज. त्वचेवर किती प्रकाश पडतो ते त्या आकड्यावरून कळत नाही. या उपचारात मोजायचं असतं ते हे, की एका चौरस सेंटिमीटरवर किती मिलिवॉट पडले आणि किती सेकंद पडले. त्यांचा गुणाकार म्हणजे मात्रा; ती ज्यूल या ऊर्जेच्या एककात सांगतात (१००० मिलिवॉट एक सेकंद पडले की १ ज्यूल). रेडिएशनने होणारा दाह टाळण्यासाठी बेल्जियममध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत ही मात्रा दर चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल होती, आठवड्यातून दोनदा. समजा तुमच्या पॅनेलमधून १५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट पडतात. मग ४ ज्यूल ८० सेकंदांतच पूर्ण होतात, आणि अर्ध्या तासात होतात ९० ज्यूल. जास्त दिलं म्हणजे जास्त गुण येतो, असं इथे नाही. एका मर्यादेपर्यंत पेशींना मदत होते, पुढे गुण ओसरतो आणि त्याहून पुढे जखम भरणं उलट मंदावू शकतं. त्यात त्वचा सावळी असेल तर लाल प्रकाश वरच्याच थरात जास्त शोषला जातो आणि तिथे उष्णता साठते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तिथली त्वचा बऱ्याचदा बधिर असते; चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. कृपया ते पॅनेल त्या भागावर लावू नका.

आता पाच मिनिटांचं. आमच्या यंत्राच्या हेडचं तोंड ४० चौरस सेंटिमीटरचं आहे आणि त्यातून सरासरी २ वॉट प्रकाश बाहेर पडतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट. एका जागी ८० सेकंद. स्तनाखालची घडी आणि काख मिळून चार जागा धरल्या तर ३२० सेकंद होतात, सव्वापाच मिनिटांच्या आसपास. वेळ लावूनच हेड हलवतात. कमी वेळ लागला म्हणजे हात आखडता घेतला, असं नाही. याहून मोठा भाग असेल तर जागा वाढतात, एका जागेचे सेकंद वाढत नाहीत.

ऊब जाणवली नाही, हे बरोबरच आहे. हा शेक नाही. आमच्या यंत्रातला ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा प्रकाश डोळ्यांनाही जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच रुग्णाला आणि शेजारी बसलेल्यांनाही चष्मा लावायला सांगतो. काम होतं ते मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात: तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, सूज उतरायला मदत होते. त्वचा गरम व्हायला लागली तर आम्ही हेड उचलतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्वचा तीन सत्रांनंतर का फुटली. रेडिएशन त्वचेच्या तळाच्या थरातल्या, नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींना मारतं. वरचा थर झिजत राहतो आणि खालून भरपाई येत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे फारसं काही दिसत नाही, मग लाली येते (सावळ्या त्वचेवर ती काळसरपणा म्हणून दिसते, आणि म्हणूनच घरच्यांच्या उशिरा लक्षात येते), मग कोरडी सालं निघतात, आणि घडीत, जिथे घाम आणि घर्षण असतं, तिथे त्वचा ओली होऊन फुटते. हा दाह शिगेला पोचतो तो रेडिएशन संपल्यावर एक ते दोन आठवड्यांनी. शेवटच्या आठवड्यात सुरू केलेली तीन सत्रं नेमकी या चढावर येतात. मेलेल्या पेशी प्रकाशाने परत येत नाहीत. २०२३ साली एमएएससीसी या, कॅन्सरच्या उपचारांचे त्रास कमी करण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत या थेरपीला स्थान मिळालं, तेही स्तनाच्या कॅन्सरमध्ये दाह टाळण्यासाठी. म्हणून ती रेडिएशनच्या पहिल्याच आठवड्यापासून सुरू करायची असते. तेव्हा सुरू करूनही दाह पूर्ण टळेल असं नाही. ओली जखम होण्याची शक्यता कमी होते, इतकंच आम्ही सांगतो.

चौथ्या वेळी परत का पाठवलं? जखमेवर पिवळट थर आणि वास होता, असं तुम्हीच लिहिलंय. नुसता पिवळा थर म्हणजे पू असेलच असं नाही. ओल्या जखमेवर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, तसा थर धरतो. पण जोडीला वास, कडेने पसरणारी लाली, वाढतं दुखणं किंवा ताप असेल तर संसर्ग आहे की नाही, ते डॉक्टरांनी आधी बघायला हवं. त्यावर प्रकाश देत राहिलं तर मौल्यवान दिवस वाया जातात. पत्र मागतो त्याचं कारण वेगळं आहे. त्वचेत किंवा त्वचेलगत गाठ शिल्लक असेल तर त्यावर आम्ही प्रकाश देत नाही, आणि ते कर्करोगतज्ज्ञच सांगू शकतात. प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू आहेत का, हेही त्याच पत्रातून कळतं.

आत्ता घरी एवढं करा: कोमट पाणी, सौम्य साबण, पुसताना घासू नका, टिपून घ्या. फुटलेल्या जागी न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग, आणि ते धरायला त्वचेवर चिकटपट्टी नको. सैल सुती कपड्याने धरा. पावडर नको, तारेची ब्रा नको. स्टेरॉइडचं मलम फुटलेल्या जागी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. लाइटसाठी परत याल तेव्हा जस्ताचं किंवा पांढरं जाड मलम पूर्ण निघालेलं असावं, त्यातून प्रकाश आत जात नाही.

बहुतेकांची त्वचा रेडिएशन संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत भरून येते. तशी ती भरली तर उरलेल्या सत्रांची गरज नाही. काउंटरवर पावती दाखवा, त्यांचे पैसे परत मिळतील. भरली नाही तर डॉक्टरांनी तपासल्यावर पत्र घेऊन या. तीन सत्रांचा तक्ता, म्हणजे जागा, सेकंद आणि ज्यूल, तुमच्यासाठी काढून ठेवलाय. तो डॉक्टरांनाही दाखवा.