मुलांच्या गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणू नका

सोलापुरातल्या पालकांना कळकळीची विनंती आहे. मुलाच्या अंगावर गजकर्ण दिसलं की मेडिकलवाल्यालाच विचारून ट्यूब आणायची, हे थांबवा.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळा लागला की वर्गात खाजवणारी पोरं वाढतात. यंदा तिसरीतला एक मुलगा सारखा कमरेचा पट्टा सरकवत होता. बघितलं तर एका गोल चट्ट्याच्या आत दुसरा गोल, कडेला बारीक पुरळ आणि मधली कातडी पातळ, चकचकीत झालेली. आई म्हणाली, "मॅडम, ट्यूब लावली की जातंय की ओ, बंद केली की परत येतंय."

येणारच! गजकर्ण बुरशीमुळे होतं, आणि त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. त्यानं खाज आणि लाली लगेच दबते, बुरशी मात्र मरत नाही, आत पसरत राहते. जांघेतली, चेहऱ्यावरची कोवळी कातडी तर कायमची खराब होऊ शकते. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ साली सरकारने नियम कडक केले, तरी ती सर्रास मिळतात. याचा मला मनापासून राग येतो. आता तर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही देशभर सापडते आहे.

गजकर्ण रक्त बिघडल्यामुळे किंवा वांगं खाल्ल्यामुळे होत नाही. घाम, ओल आणि एकमेकांचे कपडे, ही खरी कारणं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे कपडे धुणं लांबतं, आणि घरात चौघांना एकच टॉवेल. आपला सोलापुरी टॉवेल जाड, पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही. प्रत्येकाला वेगळा, पातळ पंचा द्या, उन्हात वाळवा. चड्डी सुती आणि सैल असू द्या. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर पोराला पुन्हा होणारच.

डोक्यात खवले धरून केस तुटत असतील, टक्कल पडल्यासारखा चट्टा दिसत असेल, तर नुसत्या मलमानं भागत नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही काही आठवडे. तोवर कंगवा आणि टोपी वेगळी ठेवा.

सिव्हिलच्या त्वचारोग विभागात दाखवा. जाताना आधी लावलेली ट्यूब, संपलेली असली तरी, सोबत न्या. स्टिरॉइडमुळे चट्ट्याचं रूप बदलतं, काय लावलं होतं ते कळलं की डॉक्टरांना निदान करणं सोपं जातं.