तोट्यावर जीएसटी लागत नाही, आणि नोटरीने गाडीचा मालक बदलत नाही

गेल्या महिन्यात मुलुंडच्या काकांच्या मोबाइलवर ई-चलान आलं. पनवेलजवळ सीटबेल्ट न लावता गाडी चालवल्याचं. त्या दिवशी काका घरात गुडघा शेकत बसले होते आणि गाडी दीड महिन्यापूर्वीच विकली होती. चलानवरच्या फोटोत मात्र त्यांचीच वॅगन आर, डॅशबोर्डवर काकूने बसवलेल्या गणपतीसकट.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, डीलरबरोबरचा व्यवहार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. नोटरीचा शिक्का, दोन सह्या, रोख पैसे. आरटीओत काहीच दिलेलं नाही. का? तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तो मलाही तीन जणांनी पाठवलाय. त्याचं म्हणणं असं: नवी गाडी शोरूमबाहेर पडली की किंमत निम्मी आणि पाच वर्षांत शून्य. पंधरा वर्षांनी सरकार ती भंगारात काढणार. जुनी गाडी तोट्यात विकली तरी तोट्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून ट्रान्सफरच्या भानगडीत न पडता नोटरीवर विकून मोकळे व्हा. आणि पुढची गाडी लीजवर, म्हणजे दरमहा भाड्याने घ्या; घसारा, म्हणजे वर्षागणिक घटणारी किंमत, लीज कंपनीच्या माथी आणि भाडं टॅक्समधून वजा.

जीएसटीचे रिटर्न भरणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते. काकांनी गाडी साडेपाच लाखांना घेतली, अडीच लाखांना विकली. मेसेजच्या हिशोबाने मधल्या तीन लाखांवर १८ टक्के, म्हणजे ५४,००० रुपये. पेन्शनवर जगणारा माणूस हा आकडा ऐकून घाबरणारच. पण काकांना द्यायचा कर शून्य आहे. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५वी बैठक झाली. त्याआधी जुन्या गाड्यांवर काहींना १२ आणि काहींना १८ टक्के दर होता, तो तिथे सगळ्यांना १८ केला. हा कर भरतो जीएसटी नोंदणी असलेला विक्रेता, आणि तोही फक्त त्याच्या नफ्यावर. डीलरने अडीच लाखांना घेतलेली गाडी २ लाख ८० हजारांना विकली तर ३०,००० वर १८ टक्के, ५,४०० रुपये. तोटा झाला तर काहीच नाही. ज्या नोंदणीकृत व्यावसायिकाने गाडीवर आयकरात घसारा घेतलाय, त्याचा नफा घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवरून काढतात. तिथेही आकडा उणे आला की कर नाही. घरगुती गाडी विकणाऱ्याचा यात संबंधच येत नाही. नफ्यावरचा कर कुणीतरी तोट्यावरचा म्हणून ऐकला, आणि ते दुरुस्त करण्याइतका वेळ पुढे पाठवणाऱ्या कुणाकडेच नव्हता.

नुसती चुकीची माहिती असती तर मी हे लिहायला बसलेच नसते. त्या भीतीवर सांगितलेला उपाय भयंकर आहे. मोटार वाहन कायद्यात कलम ५० आहे: गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. त्यासाठी फॉर्म २९ असतो, नाव बदलायला फॉर्म ३०. नोटरीचा कागद फक्त पैसे दिल्या-घेतल्याचा पुरावा. आरसीवर नाव ज्याचं, मालक तोच. ही माझी समजूत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्या प्रकरणात गाडी एकाने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने पुढे, अशी हातोहात फिरली, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. त्या गाडीने अपघात झाला आणि नुकसानभरपाई आली नोंदणीत नाव असलेल्या माणसावर. मी गाडी कधीच विकली, ताबा माझ्याकडे नव्हता, यातलं काही चाललं नाही. कारण साधं आहे. ज्याचं माणूस गेलं, त्याने गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली हे शोधत फिरायचं का?

काकांना हे सांगितलं तेव्हा ते आधी गप्प बसले. मग कपाटातून फाइल काढून विम्याचा कागद समोर ठेवला. पॉलिसी ३० तारखेला संपते. नवा मालक तिचं नूतनीकरण करणार की नाही, कुणालाच माहीत नाही. न केल्यास आणि त्या गाडीखाली कुणी आलं तर मुलुंडच्या वन बीएचकेपर्यंत प्रकरण येऊ शकतं. काकू एवढंच म्हणाली, "अगं, आपण तर पैसे वाचवायला गेलो होतो ना?"

आता घसारा. यात थोडं खरं आहे आणि ते कबूल करायला हवं. एक्स-शोरूम ८ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८,००० रुपये एकरकमी कर जातो. विकताना तो कुणी परत देत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव पडणारच, आणि तो पडला. पण निम्मी आणि शून्य? विम्यासाठी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवायचं कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. बाजारभाव मॉडेल आणि गाडीची निगा यावरून पुढेमागे होतो, पण पाच वर्षांनी शून्य हा आकडा आणला कुठून? काकांच्या गाडीलाही अडीच लाख आलेच की.

पंधरा वर्षांचं म्हणाल तर तो बडगा दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे फिटनेस तपासणी, शुल्क आणि हरित कर भरून खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. खर्च येतो, पण गाडी भंगारात जात नाही.

राहिली लीज. घसारा कंपनीच्या माथी हे वाक्य वाचून तर मला चीडच आली. गाडीची आजची किंमत वजा मुदतीअखेरची किंमत, त्यावर व्याज, कंपनीचा नफा आणि दर महिन्याला जीएसटी, असंच भाडं ठरतं. म्हणजे घसारा तुम्हीच भरता, फक्त हप्त्याहप्त्याने. महाराष्ट्रात गाडी व्यक्तीऐवजी एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदवली की एकरकमी कर ११ नाही, २० टक्के लागतो. त्याच ८ लाखांवर १ लाख ६० हजार. तो कंपनी स्वतःच्या खिशातून भरेल असं वाटतं का? वर किलोमीटरची मर्यादा. परत करताना प्रत्येक पोचा आणि ओरखडा मोजतात, आणि मुंबईतल्या सोसायटीत खांबाला न घासता पार्किंग करणारा मला अजून भेटायचाय. विमा लीज कंपनीच्या नावावर असला तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही तुमची नाही.

टॅक्सचं म्हणणं अर्धवट आहे. नोकरी देणारी कंपनी लीज घेऊन गाडी देते तेव्हा पगारदाराला फायदा होऊ शकतो, आणि धंदा करणारा भाडं खर्चात दाखवू शकतो. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला लीज सोयीची पडेलही. पण काका निवृत्त आहेत. महिन्यातून दोनदा डोंबिवलीला मुलीकडे आणि वर्षातून एकदा गणपतीला कोकणात, एवढीच त्यांची गाडी चालते. त्यांना यातलं काय मिळणार?

आम्ही फॉर्म २९ भरून वडाळ्याच्या आरटीओत दिला आणि पोच घेतली. डीलरकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी चहा मिळाला, दुसऱ्या वेळी कळलं की गाडी त्याने पेणच्या कुणाला तरी दिलीय आणि तो माणूस फोन उचलत नाही. काका रोज जेवण झालं की सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकतात. मालकाच्या नावातली काही अक्षरं तिथे झाकलेली असतात, पण आपलं नाव माणसाला ओळखू येतंच. काल रात्रीपर्यंत तिथे त्यांचंच होतं.