स्पीड नको, आधी पॉवर दाखवा

नवीन फायबर कनेक्शन घेणाऱ्या प्रत्येक नाशिककराला माझं कळकळीचं सांगणं आहे. जोडणी करायला आलेला मुलगा निघायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा, "दादा, पॉवर किती येतेय?" पॉवर म्हणजे फायबरमधून तुमच्या घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो 'मायनस अमुक' असा आकडा सांगेल. तो लिहून घ्या, त्याच्या पॉवर मीटरचा फोटो काढून ठेवा आणि मगच काम पूर्ण झाल्याचा ओटीपी द्या. स्पीड टेस्ट तो न विचारताच दाखवतो. दोनशेच्या प्लॅनला दोनशे आले की आपण खूश आणि तो मोकळा. पण लाइन धड आहे की नाही हे त्या काट्यावरून कळत नाही. नव्या कनेक्शनवरून होणाऱ्या बऱ्याच कटकटींचं मूळ इथेच आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. संध्याकाळचे वर्ग घरून, ऑनलाइन असतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची मुलं मोबाइलच्या डेटावर बसून ऐकतात. त्यांच्याकडची रेंज कमी-जास्त होणारच. पण शिकवणाऱ्याचाच आवाज तुटायला लागला तर पूर्ण वर्गाचा तास वाया जातो. पाथर्डी फाट्याच्या आमच्या घरी नवं कनेक्शन आलं आणि नेमकं तेच सुरू झालं. "मॅडम, आवाज कट होतोय," दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी लिहायचं. स्पीड टेस्ट मात्र फुल्ल. हेल्पलाइनवर फोन केला की तिकडून ठरलेलं वाक्य यायचं, "मॅम, राउटर बंद करून चालू करा." कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. हा अनुभव एकाच कंपनीचा नाही हे मला आसपासच्या घरांतून पक्कं ठाऊक आहे.

स्पीड टेस्ट फुल्ल आणि आवाज तुटका, हे एकाच वेळी कसं होतं? स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून डेटा ओढते. वाटेत एखादं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जातं. एक जोडणी जरा मंदावली तरी बाकीच्या भरून काढतात आणि शेवटी सरासरी चांगली दिसते. व्हिडिओ कॉलमध्ये हरवलेलं पाकीट परत मागवायला वेळच नसतो. माझा 'ट्रान्झिस्टर'मधला 'झि' हरवला की हरवलाच. म्हणून लाइनवरच्या चुका सगळ्यात आधी कॉलमध्ये आणि गेममध्ये जाणवतात. सिनेमा बघणाऱ्याला त्या कित्येक महिने कळणार नाहीत, कारण सिनेमा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. तेव्हा "बाजूच्यांना काही प्रॉब्लेम नाही, तुमचाच लॅपटॉप बघा" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

आता तो पॉवरचा आकडा. घराघरांत येणारं फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. एक्स्चेंजमधल्या यंत्रातून निघालेला प्रकाश एका काचेच्या तंतूतून येतो, वाटेत स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्यातला एक वाटा आपल्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये पडतो. हा प्रकाश डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजतात; मायनसचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, १० डीबीला एक दशांश. जीपॉन यंत्रांच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस वर्गात घरातल्या यंत्राची खालची मर्यादा मायनस २७ आहे. मायनस २७ डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा पाचशेवा भाग. यंत्र तेवढ्यावरही चालतं, हे त्याचं कौतुकच. पण त्या काठावर बसलेल्या लाइनला थोडं काही झालं की चुका सुरू.

मी माझ्या मुलांना वर्गात हाच हिशोब करायला लावला. एक्स्चेंजमधून समजा अधिक ३ डीबीएम निघाले. १:३२ चा स्प्लिटर साधारण १७ डीबी खातो. तीन-चार किलोमीटर फायबर जेमतेम एक. जोड आणि कनेक्टर मिळून एक-दोन धरा. घरी मायनस १६-१७ च्या आसपास पोचायला हवेत. स्प्लिटर १:६४ चा असेल तर आणखी साडेतीन वजा करा, मायनस २० झाले. आणि आमच्या ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर (ते कसं उघडायचं ते पुढे सांगते) मायनस २६ च्याही खालचा आकडा होता! स्प्लिटर मोठा धरला तरी सहा डीबीचा हिशोब लागत नव्हता. म्हणजे दाराशी पोचायला हव्या होत्या त्या प्रकाशापैकी तीन चतुर्थांश कुठेतरी सांडत होता. नव्या कोऱ्या लाइनवर. आणि हे काम 'ओके' म्हणून बंद झालं होतं.

तो सांडत कुठे होता? दोन जागा सापडल्या, आणि दोन्ही अशा आहेत की तुमच्याही घरी बघून घ्याव्यात. पहिली खिडकी. भिंतीला भोक पाडायचं टाळून केबल स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून आत घेतली होती. खिडकी सरकवली की काच केबलवर चेपून बसायची. दुसरी गच्चीवरची डबी. तिथे फ्यूजन स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची टोकं वितळवून जोडणं, न करता हाताने दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर लावला होता आणि डबीचं झाकण नीट बसत नव्हतं. आत धूळ. फायबरमधल्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो ९ मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याच्या तोंडावर बसलेला डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा प्रकाश अडवतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामं निघालीत. त्या धुळीत उघडी डबी म्हणजे लाइन बिघडण्याची सोयच. शिवाय पावसाळ्यात तिथे ओल जाणार ती वेगळीच.

फायबर वाकवण्याबद्दलही सांगते, कारण घरोघरी टीव्ही युनिटच्या मागे हाच प्रकार दिसतो. उरलेली केबल गुंडाळून झिप टायने करकचून बांधतात. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही. वाकायला तयार असलेल्या नव्या फायबरलाही १० किंवा साडेसात मिलिमीटरची मर्यादा आहे. वळण घट्ट झालं की प्रकाश बाहेर निसटतो, आणि लांब तरंगलांबीचा जास्त निसटतो. जीपॉनमध्ये आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा. म्हणून वाकलेल्या केबलचा फटका डाउनलोडला आधी बसतो.

कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा असतो एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळ्या यूपीसीचं टोक तसं तिरकं नसतं. हिरव्यात निळा घुसवला तर तो बसतो, प्रकाशही थोडाफार जातो, पण मधे फट राहते आणि पॉवर पडते. हातात दुसरी पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल, नाही म्हणून असं करून जाणारे भेटतात. एक गोष्ट मात्र कधीही करू नका : कनेक्टर काढून त्यात डोळा लावून बघू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही. बोटाने किंवा ओढणीने टोक पुसूही नका. ते काम स्पिरिट आणि खास वाइपने त्यांनीच करायचं.

आता चुकांची नोंद. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याखालच्या स्टिकरवर असेल तो पत्ता टाका. पॉन किंवा ऑप्टिकल नावाच्या पानावर आरएक्स पॉवर (येणारा प्रकाश), टीएक्स पॉवर (जाणारा प्रकाश) आणि तापमान मिळतं. डब्याचा आकडा मीटरइतका काटेकोर नसतो, दोन-तीन डीबी इकडे-तिकडे होऊ शकतो. तरी काल मायनस २० आणि आज मायनस २५ असेल तर काहीतरी घडलंय हे नक्की. काही डब्यांवर बीआयपी आणि एफईसीचे, म्हणजे लाइनवर झालेल्या चुकांच्या मोजणीचे आकडेही दिसतात. एफईसीत 'करेक्टेड' म्हणजे चूक झाली पण यंत्राने दुरुस्त केली, ते थोडेफार वाढले तर घाबरू नका. 'अनकरेक्टेबल' वाढत असतील तर तुमची पाकिटं खरोखर मरताहेत. नुसता मोठा आकडा बघून काही ठरवू नका. आत्ता किती, तासाभराने किती, हा फरक महत्त्वाचा.

आणि म्हणूनच मला त्या "बंद करून चालू करा"चा इतका राग येतो. बहुतेक डब्यांवर रीस्टार्ट केलं की हे सगळे आकडे शून्यावर येतात. पुरावाच पुसला जातो! हेल्पलाइनच्या पहिल्याच वाक्याने तो नष्ट होत असेल, तर दुखणं सापडणार कसं? रीस्टार्टच्या आधी त्या पानाचा फोटो घ्या, मग हवं तर बंद-चालू करा.

दोष लाइनचा की घरातल्या वायफायचा, हेही आधी वेगळं काढावं, म्हणजे समोरच्याला टोलवायला जागा राहत नाही. लॅपटॉप लॅन वायरने थेट डब्याला लावा. डब्यालाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. वायरवर डब्यापर्यंतची पिंग स्वच्छ आणि बाहेरची तुटते, तर दोष डब्याच्या पलीकडे, लाइनवर किंवा त्यापुढे आहे. वायफायवरच तुटत असेल तर राउटरची जागा बदला, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या. लॅन वायरवर स्पीड नेमका शंभरच्या आत अडकत असेल तर वायर बघा. गिगाबिट वेगाला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, एक तुटली की पोर्ट मुकाट्याने शंभरवर उतरतो. याचा लाइनशी काहीच संबंध नसतो.

सोसायटीत राहणाऱ्यांना एक फार सोपा मार्ग आहे आणि तो कोणी वापरत नाही. एकाच कंपनीचं कनेक्शन असलेल्या सगळ्यांनी आपापली आरएक्स पॉवर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी. सगळ्यांची मायनस १९-२० आणि तुमचीच मायनस २६, तर दोष स्प्लिटरपासून तुमच्या घरापर्यंतच्या केबलमध्ये. सगळ्यांचीच पडली असेल तर स्प्लिटरच्या मागे, रस्त्यावर. आमच्या बिल्डिंगमध्ये हे केल्यावर चित्र लगेच स्पष्ट झालं आणि आलेल्या तंत्रज्ञाला अंधारात चाचपडावं लागलं नाही.

त्या मुलाबद्दल मला मनापासून लिहायचंय. दुरुस्तीला आलेला मुलगा हुशार होता. आकडे दाखवल्यावर लगेच म्हणाला, "ताई, कनेक्टर कापावा लागेल, स्प्लायसिंगच करू." मशीन मात्र त्याच्याकडे नव्हतं, दुसऱ्या टीमकडून मागवावं लागलं. भिंतीला भोक पाडून केबल आत घेतली, गच्चीवर नीट स्प्लाइस केलं, डबी बदलली, आणि पॉवर मायनस १९ वर आली. चुका थांबल्या, वर्ग सुरळीत झाला. सकाळपासून सिडको, अंबड, इंदिरानगर असा फिरत होता तो. दिवसात जितकी कनेक्शनं उरकतील तितकी मोजली जातात, लाइन किती टिकली ते कोणी मोजत नाही. अशात खिडकीच्या पट्टीतून केबल आत येणारच. त्याच्यावर ओरडून काय मिळणार? चूक त्याला मशीन न देणाऱ्यांची आणि घाई लावणाऱ्यांची आहे.

माझी कंपन्यांकडे साधी मागणी आहे. जोडणीच्या दिवशीची पॉवर ग्राहकाला एसएमएसने कळवा. रोजची पॉवर आणि चुकांची संख्या ॲपमध्ये दाखवा. हे आकडे त्यांच्या यंत्रणेला दुरून वाचता येतात, ग्राहकापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही. विजेच्या मीटरवरचं रीडिंग आपण वाचू शकतो, मग पैसे भरून घेतलेल्या लाइनचं का नाही? काही ठिकाणी तर ते पान पासवर्डने कुलूपबंद केलेलं असतं. हे मला अजिबात पटत नाही.

तोवर तक्रार नीट करा. प्रत्येक वेळी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या, त्यात "नेट स्लो आहे" असं न लिहिता "आरएक्स पॉवर मायनस २६, एका तासात एवढ्या चुका वाढल्या" असं लिहा. काम न होता तक्रार बंद केली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत ही सोय आहे, अपिलाला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे मेल करून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे.

पाथर्डी फाटा, इंदिरानगर, राणेनगर भागात कोणाला डब्याचं ते पान उघडून आकडे वाचायला मदत हवी असेल तर मला मेसेज करा. पानाचा फोटो पाठवताना त्यावरचा सीरियल नंबर आणि पासवर्ड झाकून पाठवा. रविवारी सकाळी मी घरीच असते.