राजहंसाच्या अंड्याला कोंबडीचं वेळापत्रक लावू नका

राजहंसाची पिल्लं घरी काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "कोंबडीच्या अंड्यांसारखंच करायचं. तापमान ३७.५, पाणी भरपूर, झाकण अजिबात उघडायचं नाही. तिसाव्या दिवशी पिल्लू आलं नाही तर कवच फोडून बाहेर काढायचं." यातलं तापमान तेवढं बरोबर आहे, तेही पंखा असलेल्या इन्क्युबेटरसाठी, म्हणजे अंडी उबवण्याच्या यंत्रासाठी. बाकीचं ऐकून पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मरतात, आणि ते बघवत नाही.

आधी झाकणाचं. अंड्यांवर बसलेली राजहंसी अधूनमधून उठते, चरते, पाण्यात उतरते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते. अंडं १४०-२०० ग्रॅमचं, कवच जाड. दिवस जातील तसतशी पिल्लाच्या अंगचीच उष्णता वाढत जाते, ती बाहेर पडायला हवी. म्हणून दहाव्या दिवसापासून रोज १०-१५ मिनिटं झाकण उघडावं आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा. अंडं पापणीला लावून बघा. ना गरम, ना गार असं लागलं की झाकण बंद.

फवाऱ्याचं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता नेतं. 'भरपूर पाणी' ही गोष्ट वेगळी. तिने यंत्रातली हवाच दमट राहते. अंड्यातलं पाणी हळूहळू कमी झालं तरच बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लाचा पहिला श्वास त्या पोकळीतच होतो. बाहेर येईपर्यंत अंड्याचं वजन साधारण १४ टक्के घटायला हवं. १६० ग्रॅमचं अंडं शेवटी १३८च्या आसपास यावं. वजन घटत नसेल तर पाणी कमी करा, फार झपाट्याने घटत असेल तर वाढवा. आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा माझा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जास्त भरवसा आहे. भरपूर ओलावा लागतो तो शेवटच्या तीन दिवसांत, अंडी फिरवणं थांबवल्यावर.

फिरवण्याबद्दल तर या सल्ल्यात चकार शब्द नाही! अंडी आडवी ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हाताने अर्धा वळसा द्यायचा.

आता तिसावा दिवस. जातीप्रमाणे २८ ते ३४ दिवस लागतात, आणि कवचाला टोच मारल्यावरही पिल्लू दीड-दोन दिवस घेतं. त्या वेळात कवचाच्या आतल्या पडद्यातल्या नसांमधलं रक्त आणि उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो. पहिल्या खेपेला बारा तासांतच माझा धीर सुटला. कवचाचा तुकडा काढून नखाने पडदा जरासा ओढला, तर लाल रेघ उमटली आणि वाहू लागली. पिल्लू आतून चिवचिवत होतं. संध्याकाळपर्यंत गप्प झालं. पोटाशी बलकाची पिवळी पिशवी तशीच लोंबत होती.

टोच मारून दोन दिवस झाले, पडदा सुकून तपकिरी पडला आणि भोक जराही वाढलं नाही, तरच हात लावा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पडदा ओला करा आणि टोचेभोवतीचं कवच किंचित सोडवा. रक्त दिसलं की त्याच क्षणी थांबा, अंडं परत ठेवा आणि काही तास झाकण उघडू नका.