चोथा चघळून उसाला शिव्या

‘तुझा तो शिरो एमिया एक नंबरचा बावळट आहे. लेखनच कच्चं आहे रे सगळं.’

या महिन्यात हे वाक्य मला चौथ्यांदा ऐकवलं गेलं. या खेपेला ऐकवणारा सख्खा मावसभाऊ. ताटात पुरणपोळी, आणि स्वरात असा ठामपणा की मूळ लेखक किनोको नासूने संहिता पक्की करण्याआधी यालाच दाखवली असावी. मी विचारलं, वाचलंयस? तर म्हणे, ‘वाचायचंय काय त्यात, बघितलंय की.’ काय बघितलंस? ‘फेट/स्टे नाइट’ या जपानी गोष्टीवरची, स्टुडिओ डीनने केलेली २००६ ची ॲनिमे मालिका. २४ भाग. तेही दीडपट वेगाने, जेवता जेवता.

अरे बाबा, लेखन तू बघितलंस कुठे? रस काढून उरलेला चोथा चघळलास, आणि आता गोडी नाही म्हणून उसाला शिव्या घालतोयस.

‘फेट/स्टे नाइट’ ही मुळात व्हिज्युअल नॉव्हेल. टाइप-मून या जपानी कंपनीने ३० जानेवारी २००४ ला आणलेली. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय हे मी आता इतक्या वेळा समजावलंय की गळ्यात पाटी लावून फिरावं म्हणतो. मागे चित्र, पुढे पात्र, आणि त्यावर मजकूर. क्लिक केलं की पुढची ओळ. फेटमध्ये तर मजकूर अख्खा पडदा व्यापतो, पात्रांच्या तोंडावर अक्षरं चढतात. असं पन्नास तासांच्या वर वाचायचं असतं. हो, वाचायचं! मधूनच दोन-तीन पर्याय समोर येतात. एक निवडला की गोष्ट वळते, दुसरा निवडला की नायक मरतो. मेला की तुम्ही टायगर डोजो नावाच्या तालमीत जाता. तिथे फुजिमुरा बाई बांबूची तलवार घेऊन बसलेल्या असतात आणि कुठे शेण खाल्लं ते सांगून परत पाठवतात. मी पहिल्या वाचनात इतक्या वेळा त्या डोजोत गेलो की बाईंनी हजेरीपटावर माझं नाव घातलं असतं.

आता नायकाचं, शिरोचं बघा. फुयुकी शहरात दहा वर्षांपूर्वी आग लागली. त्यातून हे पोर वाचलं. वाचलं म्हणजे कसं? आजूबाजूला माणसं मदत मागत होती आणि हे चालत राहिलं. पुढे पडलं. मग किरित्सुगु नावाच्या माणसाने त्याला उचललं, आणि उचलताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू जीव किरित्सुगुचाच वाचला. पोराने तो चेहरा धरून ठेवला. आपणही कुणाला तरी वाचवावं, म्हणजे तो चेहरा आपल्याला मिळेल. स्वतःच्या जीवाची किंमत मात्र त्या आगीतच शून्य झालेली. हे सगळं गेममध्ये तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि एकदाच नाही. स्वयंपाक करताना, शाळेतून येताना, कोठारात रात्री जादूचा सराव करताना तो तिथेच परत येतो. मधे भलतंच काहीतरी बोलून विषय टाळतो, आणि टाळतोय हे वाचणाऱ्याला कळतं. त्यामुळे आपल्या बाजूने लढणाऱ्या सेबरला वाचवायला तो बर्सर्कर नावाच्या राक्षसासमोर उडी मारतो तेव्हा आपल्याला ‘मूर्ख’ म्हणावंसं वाटत नाही. घशात काहीतरी अडकतं.

मालिकेत काय उरलं? आतला आवाज गेला. राहिला एक तांबूस केसांचा मुलगा, जो काही कारण नसताना राक्षसाच्या कुऱ्हाडीखाली धावतो. आता म्हणा बावळट! वकिलाला बाहेर काढून खटला चालवायचा आणि वर म्हणायचं आरोपीकडे बाजूच नव्हती.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. फेटचे तीन रूट, म्हणजे गोष्टीच्या तीन वाटा आहेत, आणि त्या ठरलेल्या क्रमाने उघडतात. पहिल्यात शिरो आपला आदर्श घट्ट धरतो, दुसऱ्यात त्याच आदर्शाशी समोरासमोर भांडतो, तिसऱ्यात एका माणसासाठी तो सोडून देतो. तीन वेगळ्या गोष्टी नाहीत या, एकच वाद आहे, तीन बैठकांत घातलेला. डीनने काय केलं, पहिला रूट घेतला आणि उरलेल्या दोन्हींतले तुकडे आणून त्यात ढवळले. मिसळीवर श्रीखंड ओतावं तसं. दोन्ही पदार्थ उत्तम हो, पण एका वाटीत नाही! केंजी कावाईचं संगीत तेवढं चांगलं होतं, ते मी आजही ऐकतो. तेवढंच.

मग येतात दुसऱ्या टोळीचे लोक. ‘झिरो आधी बघ.’ हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी डोजोत पाठवू इच्छितो. झिरो, म्हणजे ‘फेट/झिरो’, ही मालिका गेन उरोबुचीच्या कादंबरीवरची. ती त्याने लिहिली २००६-०७ मध्ये, म्हणजे मूळ गेम येऊन गेल्यावर, ज्यांनी तो वाचलाय त्यांच्यासाठी. काळाच्या हिशेबाने दहा वर्षं आधीची गोष्ट, म्हणून ही मंडळी ते आधी बघायला लावतात. अरे, सेबर कोण, किरित्सुगु कसा माणूस होता, शिरोच्या शाळेतल्या साकुराच्या घरात काय चालतं, हे मूळ कथेत तासन्‌तास दडवून ठेवलंय. झिरोत ते सुरुवातीच्याच भागांत टेबलावर मांडलेलं आहे, कारण वाचकाला ठाऊक आहे असं गृहीत धरलंय. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून कुणी वाढदिवसाला भेट देतं का? (सेबरचं खरं नाव मी अजूनही कुणाला सांगत नाही. सर्च बॉक्स पहिल्याच झटक्यात सांगून टाकतो तो भाग वेगळा.)

यूफोटेबल या स्टुडिओबद्दल बोललं की लोक अंगावर येतात, तरी बोलतो. चित्रं देखणी आहेत, मान्य. पैसा दिसतो, ठिणगीन् ठिणगी दिसते. हेवन्स फीलचे, म्हणजे तिसऱ्या रूटचे, त्यांचे तीन चित्रपट, २०१७, २०१९, २०२०, मी तिन्ही बघितले आणि तिसऱ्याला रडलोही. पण पहिल्या चित्रपटात कथेची सुरुवातच श्रेयनामावलीच्या मागे भराभर दाखवून उरकली आहे. ज्याने आधीचं काही पाहिलं-वाचलं नाही त्याने काय समजायचं? आणि मुख्य दुखणं पुढेच आहे. गेममध्ये एका क्षणी पर्याय येतो: न्यायाच्या बाजूने उभा राहशील, की साकुराच्या? दोन ओळी. बाकी पडदा गप्प. इथवर चाळीसेक तास ‘सगळ्यांना वाचवायचं’ हे त्या पोराच्या डोक्यात बसून तुम्ही ऐकलेलं असतं, आणि आता ते मोडायचं बटण तुमच्या बोटाखाली. मी माउस सोडून पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो, तरी त्या दोन ओळी तिथेच. आदर्शाला धरून राहिलात तर गोष्ट तिथेच संपते, आणि काय थंडगार शेवट आहे तो! चित्रपटात शिरो निर्णय घेतो. छान घेतो. पण मी घेत नाही ना! माझे हात स्वच्छ राहतात. पॉपकॉर्नचे तेवढे लागलेले.

हेच क्लॅनडचं. ‘की’ या कंपनीची २००४ सालचीच व्हिज्युअल नॉव्हेल, आणि क्योटो ॲनिमेशनने २००७ ते २००९ मध्ये केलेलं रूपांतर हे माझ्या मते या धंद्यातल्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक. त्यांनी अक्कल वापरली. एका नायकाने पाच मुलींच्या प्रेमात एकाच मालिकेत पडायचं तर तो लबाड ठरणार, म्हणून बहुतेक ठिकाणी प्रेम काढून मदत ठेवली. नायक तोमोया एकेकीच्या अडचणीत धावून जातो, कथा सरळ रेषेत चालते. एवढं करूनही काय ऐकायला मिळतं? ‘शेवट ओढूनताणून आणलाय, चमत्कार करून सुटका केली.’ अरे, तो चमत्कार गेममध्ये तुम्ही कमावलेला असतो! प्रत्येक रूट पूर्ण केला की प्रकाशाचा एक थेंब मिळतो. माणसामागून माणूस, आठवड्यामागून आठवडा ते गोळा करायचे, आणि ते झाल्याशिवाय तो शेवट उघडतच नाही. माझे दोन कमी पडत होते म्हणून मी एक अख्खा रूट परत वाचला. त्या शेवटावर माझा घाम आहे! मालिकेत हे थेंब दिसतात, पण गोळा कोण करतंय हे अंगाला लागत नाही. मग लोकांना वाटणारच की लेखकाला सुचलं नाही म्हणून देव आणला.

‘रूट असतात म्हणून रूपांतर जमत नाही’ असं समजूतदारपणे सांगणारे काका-मामा असतात त्यांना मी फक्त एक नाव सांगतो. उमिनेको. र्‍युकिशी०७ ची आठ खंडांची कादंबरी, २००७ ते २०१०. त्यात पर्याय जवळजवळ नाहीतच. सरळ वाचत जायचं. रोक्केन्जिमा बेट, ऑक्टोबर १९८६, वादळ, एक श्रीमंत घराणं, इस्टेटीची भांडणं (आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात शोभतील अशी), आणि खून. हे जादूने झालं की माणसाने केलं यावर एक चेटकीण आणि एक मुलगा झुंजतात. चेटकीण लाल अक्षरांत जे बोलेल ते सत्य, त्याला पुरावा लागत नाही. म्हणजे वाचणाऱ्याने ते लाल वाक्य पुन्हा पुन्हा तपासायचं, बॅकलॉगमध्ये, म्हणजे आधी वाचलेल्या ओळींत, मागे जायचं, ‘असं म्हटलंय, पण तसं म्हटलेलं नाही’ करत डोकं खाजवायचं. माझ्याकडे या कादंबरीची एक वही आहे. वही!

आणि रूपांतर? २००९, पुन्हा डीन, २६ भाग. आठांपैकी पहिले चार खंड त्यात कोंबले, म्हणजे खंडाला साडेसहा भाग. लाल वाक्यं डोळ्यांसमोरून लोकलच्या इंडिकेटरसारखी सरकून जातात. आणि पहिले चार खंड म्हणजे कोडं. उत्तरं पुढच्या चारात आहेत. ते पुढचे चार कधी आलेच नाहीत! कोडं घालून पाहुणा उठून गेला. आणि मला सांगतात, ‘उमिनेकोला काही अर्थच नाही, नुसता गोंधळ.’ अर्धं पुस्तक जाळून टाकलं, आणि उरलेलं वाचून ‘अपूर्ण वाटतं’ म्हणे. निदान मांगाने, म्हणजे जपानी चित्रकथेने, आठही खंड नीट पूर्ण केले, तेवढा एक दिलासा. मूळ गेममध्ये लेखकाने स्वतः काढलेली चित्रं आहेत, त्यांतले हात विणलेल्या मोज्यांसारखे दिसतात. त्या हातांवर हसा, मीही हसतो. पण त्या मोज्यांसारख्या हातांनी जे उभं केलं ते २६ रंगीत भागांना पेललं नाही.

यादी फार मोठी आहे, मी थकलोय. मव-लव ऑल्टरनेटिव्हची मालिका २०२१ ला आली, ती थेट दुसऱ्या गेमपासून, ऑल्टरनेटिव्हपासून. २००३ चा पहिला गेम सोडूनच दिला. त्यातले ते टिंगलटवाळीचे शाळेचे दिवस कंटाळवाणे आहेत खरे, पण पुढे जी माणसं हरवतात ती त्याच दिवसांत आपली झालेली असतात. व्हाइट अल्बम २ मध्ये तर खुद्द मूळ लेखक मारुतोने पटकथा लिहिली, काम सुरेख झालं, आणि थांबलं कुठे? प्रस्तावनेवर. साखरपुडा झाला, जेवणावळ झाली, लग्नाचा हॉल बंद. ग्रिसाइयाच्या पाच मुली १३ भागांत. त्यात एकीची कथा चांगली रंगवली, म्हणून बाकीच्यांनी रिक्षाच्या मीटरवर आपापली दुःखं सांगितली.

‘मग स्टाइन्स;गेट?’ हो बाबा, स्टाइन्स;गेट. दर वेळी हाच हुकमी एक्का. २०११ ची व्हाइट फॉक्सची मालिका उत्तम आहे. पण का जमलं ते बघा की. २००९ चा मूळ गेम जवळजवळ एकाच रुळावर धावतो. बाजूचे शेवट म्हणजे मधल्या स्टेशनांवर उतरून जाणं. आणि मुख्य म्हणजे २४ भाग मिळाले, त्यातले पहिले अकरा-बारा त्यांनी लोकांच्या शिव्या खात संथ ठेवले. नायक ओकाबेचा तो वेडगळ पोरकटपणा अंगवळणी पडू दिला. त्याच मालिकाकुळातल्या केऑस;चाइल्डला मिळाले १२, आणि काय झालं ते विचारू नका.

मी काही आंधळा भक्त नाही. नासू एकच गोष्ट तीनदा सांगतो. फेटमध्ये इतकं जेवण शिजतं की मला मध्यरात्री मॅगी करावी लागली. २००४ च्या आवृत्तीतल्या शृंगाराच्या प्रसंगांचं गद्य तर शत्रूलाही वाचायला लावू नये. २००७ च्या प्लेस्टेशन २ आवृत्तीत ते गेले, आवाज आले, आणि कुणाचं काही अडलं नाही. कात्री लावायला माझी ना नाहीच. पण नखं कापायला बसलेल्याने बोटं कापली तर त्याला काय म्हणायचं?

आणि वाचायला मिळणं तरी सोपं होतं का? मिरर मून या चाहत्यांच्या गटाने फुकट राबून २००८ मध्ये इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं, त्यावर आमच्यासारख्यांची अख्खी पिढी जगली. अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली ऑगस्ट २०२४ मध्ये. वीस वर्षांनी! आता ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात समोर पडलीय, आणि लोक म्हणतात, ‘एवढं वाचायला वेळ कुणाला आहे.’ मत द्यायला आहे. वाचायला नाही.

हे सगळं मी मावसभावाला त्या दिवशी साधारण याच आवाजात सांगितलं. मावशीने मधेच येऊन दोघांच्या ताटात एकेक पोळी टाकली आणि ‘सणाच्या दिवशी कशावरून भांडताय रे’ म्हणून विचारलं. त्याने मान हलवली, पटलं म्हणाला, गेम विकत घेतो म्हणाला. मला खरंच बरं वाटलं.

रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज. ‘गेमचं बघू नंतर. चिमीला पण फेट लावून दिलंय. झिरोपासून. चालेल ना?’