पूड घातली की काम झालं, असं नसतंय

एका लेखात वाचलं, प्लॅस्टिकात सिरॅमिकची पूड मिसळली की ते उष्णता वाहून नेतं. खरं आहे, पण किती मिसळली यातच सगळी गोम. बेळगावात उद्यमबागेला माझं छोटं मोल्डिंगचं शेड आहे, म्हणून लिहितोय.

साध्या नायलॉनची उष्णतावहनक्षमता ०.२५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, अ‍ॅल्युमिनाची ३० च्या. (अ‍ॅल्युमिना म्हणजे आमच्या यमनापूरला बॉक्साइटपासून काढतात तीच पांढरी पूड.) वाटतं, थोडी घातली तरी पुरे. पण कण सुटे राहिले तर मधलं प्लॅस्टिक वाट अडवतंच. आकारमानाच्या निम्म्याजवळ पूड गेली, कण एकमेकांना टेकले, की मग कुठं एक-दोनपर्यंत मजल जाते. तोवर वितळलेला माल इतका घट्ट होतो की बघायलाच नको! आम्ही एलईडी दिव्याच्या बुडाचे, उष्णता बाहेर टाकणारे पातळ पंख (फिन) साच्यातून काढून बघितले. निम्मे अर्धवटच भरले आणि जो नीट आला तो हातातून पडून पापडासारखा मोडला. शिवाय अ‍ॅल्युमिना पोलादापेक्षा कठीण, मशीनमधला माल पुढे ढकलणारा स्क्रू घासून काढते.

दुसरी सिरॅमिक पूड म्हणजे बोरॉन नायट्राइड; ती मऊ, पण महाग. तिचे चपटे कण साच्यात प्रवाहाच्या दिशेनं आडवे झोपतात. उष्णता लांबीला धावते, जाडीतून आरपार फार कमी. कॅटलॉगमधला आकडा कुठल्या दिशेचा, हे आधी विचारून घ्या.

आणि हो, दिव्याच्या बुडाला वारा घालणारा पंखा नसेल तर खरी अडचण उष्णता उचलून नेणाऱ्या बाहेरच्या हवेचीच असते. तिथं अ‍ॅल्युमिनियमसारखी दोनशेची वहनक्षमता कशाला, पाचसुद्धा पुरते की!